चौथ्या नंबरचा देव

जपानहून परत आलेल्या माणसाने काय सांगायचं याचा एक मसुदा ठरलेला आहे. गाड्या सेकंदाच्या काट्यावर सुटतात, रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, आणि आपल्याकडे हे कधी होणार. एवढं म्हटलं की ऐकणारे माना डोलावतात, कोणीतरी "शिस्त हो, शिस्त!" म्हणून उसासा टाकतं आणि विषय भाजीच्या भावाकडे वळतो. मी हा मसुदा सोडून बोललो आणि फसलो.

परत आल्यावर ताईकडे जेवायला गेलो होतो. दाजींनी विचारलं, "काय रे, उतरला होतात कुठे? हॉटेल बरं होतं ना?"

"हॉटेल नाही दाजी, एका घरी राहिलो. फार छान सोय झाली," असं म्हणून मी भोळेपणाने सगळं सांगत सुटलो. जेवण संध्याकाळी सहाला, सहा म्हणजे सहाच. गादी ज्याची त्याने घालायची. रात्री दहाला दार बंद. आंघोळ कशी करायची ते भिंतीवर चित्रं काढून लावलेलं. आणि पानात एकदा मांडलं ते मांडलं, 'अजून घ्या, अजून घ्या' हा प्रकार नाही.

दाजींनी हातातला घास ताटात परत ठेवला. दाजी घास परत ठेवतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

"आणि याचे पैसे घेतले?"

"घेतले."

"म्हणजे पैसे भरून बोर्डिंगात राहून आलात! अरे, पाहुण्याला देव मानणारी माणसं आपण. आणि ते लोक? नुसतं कमरेत वाकायचं. माया नाही रे त्यात, माया!" एवढं बोलून त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज दिला, "अगं, याला जिलबी वाढ. काही ऐकू नकोस त्याचं, चार तरी वाढ."

मी उत्तर देणार होतो. पण तिसरी जिलबी तोंडात होती, चौथी पानात पडत होती, आणि त्या अवस्थेत माणूस फक्त डोळ्यांनी बोलू शकतो. म्हणून हे लेखी उत्तर. दाजी माणूस सोन्यासारखा आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यांच्या त्या 'माया' या शब्दाशी.

आधी स्थळ सांगतो. माझा पुतण्या नागोयाला नोकरीला आहे. तो म्हणाला, "काका, टोकियो आणि क्योतो सगळेच बघतात. तुम्हाला आणि काकूला या दोन्हींना जोडणारा जुना रस्ता दाखवतो." हा रस्ता म्हणजे नाकासेंदो. टोकियोचं नाव एदो होतं त्या काळी एदोहून क्योतोला डोंगरातून जाणारा हमरस्ता. त्यावर मुक्कामाची ६९ गावं होती. एदोकडून मोजत आलं की ४२वं त्सुमागो आणि ४३वं मागोमे. आम्ही नागोयाहून रेल्वेने नाकात्सुगावाला गेलो, तिथून बसने मागोमेला, आणि मागोमेहून खिंड ओलांडून आठएक किलोमीटर पायी त्सुमागोला. वाटेत ठिकठिकाणी घंटा टांगलेल्या दिसल्या. मी देऊळ शोधू लागलो. पुतण्या म्हणाला, "काका, देऊळ नाहीये. घंटा वाजवली की अस्वलं लांब राहतात." आपल्याकडे देवाला आल्याची वर्दी द्यायला घंटा वाजवतात, तिथे अस्वलाला. मी दोन्ही हेतूंनी वाजवली.

त्सुमागो हे गाव रेल्वे आणि मोटाररस्ते दुसरीकडून गेल्यामुळे ओस पडत चाललं होतं. १९६८ पासून तिथल्या लोकांनी जुनी लाकडी घरं दुरुस्त करायला घेतली आणि १९७१ साली सगळ्या गावाने मिळून एक सनद केली: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ साली सरकारने गावाला जतन करायच्या वस्त्यांच्या यादीत घातलं. आज मुख्य रस्त्यावर विजेची तार दिसत नाही आणि दिवसा मोटार आत येत नाही. नियमांची या खोऱ्याला जुनीच सवय आहे. एदोच्या काळात इथल्या हिनोकीसारख्या मोलाच्या झाडांना हात लावायची बंदी होती आणि हिशोब सरळ होता: एक झाड, एक डोकं. त्या मानाने 'गादी ज्याची त्याने घालावी' हा नियम फारच मवाळ म्हणायचा.

आम्ही उतरलो ते घर म्हणजे मिन्शुकु. जपानात थाटाची उतरायची जागा ती र्‍योकान. तिथे जेवण झालं की नोकरमाणसं येऊन गादी घालून जातात. मिन्शुकु म्हणजे राहतं घर. घरच्यांनी दोन-चार खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी करून घालायची. आपल्या कोकणात 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी असते ना, तीच ही, फक्त नारळीऐवजी देवदार.

घरधनीण पंचाहत्तरीच्या. पुतण्या त्यांना 'ओकासान' अशी हाक मारत होता. मला वाटलं आडनाव असेल. विचारलं, तर म्हणाला, "ओकासान म्हणजे आई. इथे पाहुणे असंच म्हणतात." दुसऱ्या दिवशी त्याला कामावर जायचं होतं, म्हणून आम्हाला पोचवून तो शेवटच्या बसने गेला. मागे राहिलो आम्ही दोघं, ओकासान, एक डच जोडपं, आणि भाषांतर करणारा मोबाईल. तो मोबाईल मराठी बोलायचा, पण गॅझेटातलं.

आता नियम. दारात जोडे काढायचे, हे आपल्याला नवं नाही. पुढे घरातल्या सपाता घालायच्या, चटईच्या खोलीत त्याही काढायच्या, आणि संडासात जाताना तिथल्या वेगळ्या सपाता. मी आयुष्यात पादत्राणांचा इतका विचार कधी केला नव्हता. मग अंगात घालायला युकाता मिळाली, सुती झग्यासारखी. मी ती घालून ऐटीत खाली उतरलो. ओकासाननी माझ्याकडे पाहिलं, हातातली किटली खाली ठेवली, जवळ आल्या आणि माझी डावी बाजू उजवीच्या वर घेऊन कमरपट्टा परत बांधला. उजवी बाजू वर ठेवून युकाता नेसवतात ती मयताला. त्या बाईंनी दोन झटक्यांत मला पुन्हा जिवंत केलं.

पण खरा पराक्रम न्हाणीघरात झाला. तिथे अंग बाहेर साबण लावून धुवायचं, स्वच्छ व्हायचं आणि मग कढत पाण्याने भरलेल्या हौदात नुसतं बसायचं. ते पाणी घरातल्या सगळ्यांसाठी एकच. आधी पाहुणे, शेवटी घरचे. मी चित्रांत दाखवल्याप्रमाणे सगळं केलं. शेवटचं चित्र मात्र मला जरुरीचं वाटलं नाही. आपल्या आईने लहानपणापासून शिकवलेलं: न्हाणीतून निघताना मागचा माणूस नाव ठेवणार नाही अशी न्हाणी सोडावी. मी हौदाचं बूच काढलं, तळ घासला आणि समाधानाने बाहेर आलो. बाहेर डच गृहस्थ टॉवेल घेऊन उभे होते.

दहा मिनिटांनी ओकासान मोबाईल घेऊन आल्या. मोबाईल म्हणाला, "पाणी सर्वांचे आहे. कृपया पाण्यास जाऊ देऊ नये." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बाई हसत होत्या. मला न्हाणीत घेऊन गेल्या, बूच लावलं, नळ सोडला, हौदावर ठेवायचं झाकण माझ्या हातात दिलं आणि खुणेने सांगितलं, हे असं ठेवायचं, म्हणजे पाणी गरम राहतं. त्या रात्री सगळ्यांची आंघोळ अर्धा-पाऊण तास लांबली. दुसऱ्या संध्याकाळी झाकण मी ठेवलं, आणि डच गृहस्थांनाही कसं ठेवायचं ते अधिकारवाणीने शिकवलं. चोवीस तासांत मी त्या घरातला झालो होतो.

आता दाजी, तुम्ही सांगा. हाच प्रकार आपल्याकडे घडला असता तर? "असू दे हो, त्यात काय एवढं, पाणी काय परत तापवता येतं," असं तोंडावर म्हटलं असतं. आणि मी वळल्यावर? पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नकार्यात माझी ओळख "ते हो, पाणी सोडून देणारे" अशी झाली असती. आपण पाहुण्याची चूक पाहुण्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगतो आणि याला पाहुण्याचा मान राखणं म्हणतो. ओकासाननी माझी चूक फक्त मला सांगितली. कोणाची माया जास्त?

दुसरा मुद्दा आग्रहाचा. आमची ही शाकाहारी. जपानात हे सांभाळणं कठीण, कारण ताटात मासा दिसला नाही तरी आमटीच्या पाण्यात वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. पुतण्याने जागा ठरवली तेव्हाच, म्हणजे आम्ही पोचायच्या आठवडाभर आधी, ओकासाननी विचारलं होतं, काय काय चालत नाही? त्याने यादी सांगितली. सहा वाजता आम्ही बसलो तर माझ्यापुढे मीठ लावून भाजलेला ओढ्यातला मासा होता आणि हिच्यापुढे रानातल्या भाज्या, टोफू, लोणची, आणि शिताके नावाची अळंबी व समुद्रातलं कोंबू नावाचं शेवाळ उकळून त्याच्या पाण्यात केलेली वेगळी आमटी. भाताचं भांडं मध्ये ठेवलेलं, ज्याला हवा त्याने हवा तेवढा घ्यावा. कोणी "लाजू नका" म्हणालं नाही, त्यामुळे मी लाजलो नाही आणि तीन वाट्या भात खाल्ला.

आपल्याकडे आधी कोणी विचारत नाही. आधी विचारायला फुरसत नसते. नंतर मात्र जिलबी घेऊन मागे लागायला घरातली चार माणसं मोकळी असतात. पाहुणा पानावर आडवा हात धरतो, आपण बोटांच्या फटीतून आमटी सोडतो. पाहुण्याला मधुमेह असतो, आपण म्हणतो "एकाने काय होतंय." अहो, काय होतंय ते डॉक्टरांना विचारा! आग्रह करताना आपलं लक्ष पाहुण्याच्या पोटाकडे नसतंच. 'त्यांच्याकडे हात आखडता होता' असं उद्या कोणी म्हणू नये, या धास्तीचं नाव आपण प्रेम ठेवलं आहे.

इथपर्यंत हे भांडण पोटाचं होतं, आणि पोटाची भांडणं सोड्याने मिटतात. पण त्या रात्री एक गोष्ट घडली आणि मला या विषयात हसून सोडता येईना.

पावणेआठ वाजले असतील. आमची जेवणं, आवराआवर, सगळं उरकलं होतं. जिन्याकडे जाताना हिने माझी बाही ओढली. "अहो, बघा. त्या जेवतायत." स्वयंपाकघराचं सरकतं दार अर्धं उघडं होतं. ओकासान बैठ्या मेजापाशी बसल्या होत्या. पुढ्यात भात, मासा, आमटी. आमटीची वाफ दिसत होती. समोर टीव्ही लावलेला, त्यात कोणीतरी गात होतं आणि या घास घेता घेता मान डोलावत होत्या. एवढंच. दुसऱ्याच्या घरात असं डोकावणं बरं नव्हे, म्हणून मी पुढे झालो. ही मात्र जरा वेळ तिथेच उभी राहिली.

वर खोलीत आम्ही गाद्या घालत होतो. चादरीचं एक टोक माझ्या हातात, एक हिच्या हातात. ही म्हणाली, "सासूबाईंना कधी गरम पोळी खाताना पाहिलंय तुम्ही?"

मी आठवू लागलो. चादर तशीच धरून बराच वेळ आठवत राहिलो. आमचं घर म्हणजे धर्मशाळा होती आणि आम्हाला त्याचा कोण अभिमान. रात्री साडेनऊला कोणीतरी गावाहून यायचं. वडील झोपाळ्यावरून उठून दारात जायचे, "या, या! अहो, वेळबीळ काय विचारता, घर तुमचंच आहे." मग आत वळून, "भात टाक गं, पटकन होतो." भात पटकन होतो हे वडिलांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे, त्यांनी तो कधी केलेला नव्हता. विझवलेली चूल पुन्हा पेटायची. पाहुण्यांची बॅग उचलायला मी पुढे असायचो, पोळीसाठी पाट मांडायला मी, आग्रह करायलाही मी. आई कुठे होती? आई चुलीपुढे होती. ती कधी जेवली, काय उरलं होतं, उरलं होतं का, हे मला साठ वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. ते विचारायला मला त्सुमागोला जावं लागलं, आणि आता उत्तर द्यायला आई नाही.

दाजी, तुमची संस्कृती मी पुन्हा एकदा वाचून काढली. तैत्तिरीय उपनिषदात शिष्याला निरोप देताना गुरू सांगतात, यांना यांना देव मान. पाहुणा त्या यादीत आहे, अगदी बरोबर. पण कितवा आहे? चौथा. दुसरे वडील, तिसरे आचार्य. आणि पहिली आई. पहिल्या नंबरच्या देवाला रात्री साडेनऊला चुलीपुढे बसवून चौथ्या नंबरच्या देवाला जिलबी वाढायची, हे कुठल्या उपनिषदात लिहिलंय ते मला कळवावं. आपण यादी उलटी वाचली आहे, आणि ती उलटी वाचणारे सगळे झोपाळ्यावर बसलेले होते. त्यात मीही होतो.

सहा म्हणजे सहा, दहाला दार बंद, गादी आपली आपण घाला: हे नियम पाहुण्याला छळायला केलेले नाहीत. पंचाहत्तर वर्षांच्या एका बाईला पावणेआठला गरम आमटी मिळावी म्हणून ते केलेले आहेत.

राहता राहिले पैसे. घेतले, आणि किती घेणार ते आधी सांगून घेतले. निघताना मी उशीखाली हजार येन ठेवले होते, बक्षिसी म्हणून. आम्ही रस्त्याला लागलो तर ओकासान ती नोट हातात उंच धरून मागून जवळजवळ पळत आल्या. त्यांना वाटलं, विसरली. नोट माझ्या हातात दिली, आणि आम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत वाकून उभ्या राहिल्या. त्याला तुम्ही 'नुसतं कमरेत वाकणं' म्हणता. त्या वयात कमरेत वाकून बघा एकदा.

जपानी घरात सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. ओकासान पहाटे पाचला उठत होत्या आणि तिथेही चुलीपुढे बाईच होती. मुलगा टोकियोला असतो. तुमच्यानंतर हे घर कोण चालवणार, असं हिने मोबाईलला विचारायला लावलं, तेव्हा बाई हसल्या आणि पाच बोटं दाखवली. आणखी पाच वर्षं. पण आठवड्यातून दोन दिवस त्या पाहुणे घेत नाहीत. पाहुणे घेत नाहीत, असं स्पष्ट सांगतात, आणि त्यामुळे त्यांच्यात माया नाही असं त्या गावात कोणी म्हणत नाही. आपल्याकडे हे वाक्य उच्चारायची सोय कुठल्या बाईला आहे?

परत आल्यावर मी एक कागद तयार केला. 'पाहुण्यांचे स्वागत आहे. येण्याआधी फोन करावा. काय खात नाही ते सांगावे. रात्रीचे जेवण आठ वाजता, सर्वांनी एकत्र, म्हणजे सर्वांनी. आग्रह करणार नाही, हवे ते मागून घ्यावे. आपले ताट आपण उचलावे.' हा कागद जेवणाच्या टेबलाशेजारी लावला. दुधात साखर म्हणजे स्वयंपाकाचे दोन वार मी घेतले आहेत. भात पटकन होत नाही, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

गेल्या रविवारी दाजी आणि ताई आले. दाजींनी चष्मा लावून कागद वाचला, शेवटच्या ओळीवर दोनदा गेले, आणि "घर आहे का खाणावळ?" एवढंच म्हणाले. पण ताट उचललं. नळाखाली धरलंसुद्धा. तेवढ्यात ताई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "त्या कागदाची एक प्रत दे रे मला."

"देतो की. कुठे लावणार? दिवाणखान्यात?"

"वेडा की काय! तिथे हे वाचतील." ताई म्हणाली, "डब्यांच्या फळीवर, आतल्या बाजूने लावीन. मला एकटीला दिसला तरी पुरे."